अर्धी खाच

बुलेटच्या थ्रॉटलच्या मुठीवर पांढरी टेप चिकटवायची. शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर पेनानं एक रेघ मारायची. मग मूठ बंद असताना, पाव उघडल्यावर, अर्धी, पाऊण आणि पूर्ण उघडल्यावर ती रेघ टेपवर जिथं जिथं येते तिथं खूण करायची. कार्बोरेटरच्या कामाला हात घालायचा तो असा. पाना-स्क्रूड्रायव्हरची पाळी नंतर येते. टेप लावून एखादा दिवस नेहमीसारखी गाडी चालवली की जे दिसतं त्यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. वाईतून पाचगणीला चढताना पसरणी घाटातही मूठ पाऊण खुणेच्या पुढं क्वचितच जाते. सपाटीवर ताशी पन्नास-साठनं जाताना ती पाव आणि अर्ध्याच्या मध्येच असते. पूर्ण थ्रॉटल लागतो तो एखाद्या एसटीला ओलांडताना, तोही काही सेकंद.

आणि तरी गाडी ओढत नाही म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते मेन जेटचं. मेन जेट मोठा टाका, नाहीतर बाहेरचा एअर स्क्रू पिळा. मेन जेटचं राज्य पाऊण थ्रॉटलच्या पुढं सुरू होतं. एअर स्क्रू आणि पायलट जेट यांचा अंमल आयडलिंगपासून जेमतेम एक अष्टमांश मुठीपर्यंत. मधला सगळा पट्टा, म्हणजे आपण ज्याला गाडी चालवणं म्हणतो तो जवळजवळ सगळाच भाग, एका बोटभर लांबीच्या सुईच्या ताब्यात असतो. मेकॅनिक तिला निडल म्हणतात. जुन्या गाडीच्या दुरुस्तीत सगळ्यांत कमी लक्ष तिच्याकडं जातं आणि रोजच्या चालण्यात सगळ्यांत जास्त फरक तिच्यामुळं पडतो, असं माझं ठाम मत आहे.

माझी बुलेट १९९० च्या दशकातली. ३४६ सीसी, बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, बॅरल बिडाचं, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. कार्बोरेटर मिकार्बचा व्हीएम-२४. यातल्या चोविसाचा अर्थ हवेचा मार्ग २४ मिमी व्यासाचा. त्या मार्गात वरून एक गोल नळकांडं उतरलेलं असतं. पुस्तकात त्याला स्लाइड म्हणतात, गॅरेजमध्ये पिस्टन. मुठीची केबल ओढली की ते वर जातं, हवेचा मार्ग मोकळा होतो. त्याच्या तळातून ही सुई खाली लोंबते आणि खालच्या पितळी नळीत, म्हणजे निडल जेटमध्ये, शिरलेली असते. सुई वरच्या अंगाला सरळ, खाली निमुळती. स्लाइड वर गेली की सुईही वर जाते, नळीच्या तोंडाशी तिचा बारीक भाग येतो, सुईभोवतीची कड्याच्या आकाराची मोकळी जागा वाढते आणि त्या जागेतून पेट्रोल वर येतं. ती जागा वाढत वाढत खालच्या मेन जेटच्या छिद्राहून मोठी झाली की सुईचं काम संपलं. पुढं किती पेट्रोल जायचं ते मेन जेट ठरवतो.

ही जागा किती लहान आहे ते एकदा आकड्यांत बघण्यासारखं आहे. निडल जेटचं छिद्र २.६६ मिमी आणि सुईचा सरळ भाग २.५१ मिमी धरला तर दोघांमधल्या कड्याचं क्षेत्रफळ येतं ०.६१ चौरस मिमी. एवढ्याशा फटीतून एका माणसाचं रोजचं जाणं-येणं, बाजार, घाट, पावसाळा सगळं चालतं.

सुईच्या वरच्या टोकाला पाच बारीक खाचा असतात. त्यांतल्या एकीत एक चिमुकली क्लिप बसते आणि त्या क्लिपवर सुई स्लाइडमध्ये टांगली जाते. खाचा वरून मोजायच्या. बहुतेक गाड्या कारखान्यातून मधल्या, तिसऱ्या खाचेवर येतात. क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर उचलली जाते, पेट्रोल वाढतं, मिश्रण रिच होतं. क्लिप वरच्या खाचेत घातली की सुई खाली उतरते, पेट्रोल कमी होतं, मिश्रण लीन. इथं नवख्याचा गोंधळ ठरलेला, कारण क्लिप आणि सुई उलट्या दिशांना जातात. मी ज्यांच्या गॅरेजमध्ये बसून हे काम करतो ते मेस्त्री क्लिपबद्दल बोलतच नाहीत. ते फक्त ‘निडल चढव’, ‘निडल उतरव’ म्हणतात, आणि मग गोंधळाला जागाच उरत नाही.

एकदा तिथं एक तरुण त्याची बुलेट घेऊन आला होता. नवा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवलेला.

‘‘मेस्त्री, मधेच गचके खाती. मेन जेट मोठा टाका ना.’’

मेस्त्रींनी मान वर न करता विचारलं, ‘‘फुल रेस दिल्यावर खाती का निम्म्यात?’’

‘‘निम्म्यात.’’

‘‘मग मेन जेटचं काय काम? आधी निडल बघू. सायलेन्सर बदलला तवा निडल कुणी बघितली न्हवती ना?’’

सायलेन्सर बदलला की कानाला आवाजातला फरक लगेच कळतो. पण त्याच्यासोबत इंजिनातून वायू बाहेर पडण्याची रीत बदलते, आत येणारी हवा बदलते आणि पेट्रोल मात्र जुन्याच हिशेबानं येत राहतं. फिल्टर काढून टाकणाऱ्यांचंही तेच. अशा गाड्या मधल्या पट्ट्यात लीन चालतात, तापतात, आणि मालक म्हणतो, ‘‘आवाज भारी आहे, पण पिकअप गेला.’’

सुईला हात लावायच्या आधी बाकीचं सगळं जागेवर असायला हवं. यात सवलत नाही. एअर फिल्टर स्वच्छ. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी. टॅपेट थंड इंजिनावर असे की पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरतो, पण वरखाली हलत नाही. फ्लोटची पातळी बरोबर. आणि कार्बोरेटर व हेड यांच्या मधल्या जोडातून हवा आत खेचली जात नाही. हा शेवटचा मुद्दा जुन्या गाडीत फार दगा देतो. तिथला गॅस्केट वाळलेला असला की हवा तिथून आत शिरते, गाडी लीन चालते आणि माणूस सुई चढवत बसतो. इंजिन आयडलला ठेवून जोडावर थोडं डब्ल्यूडी-४० फवारलं आणि इंजिनाची गती क्षणभर बदलली, तर आधी गॅस्केट. इग्निशन आणि टॅपेट चुकलेले असताना कार्बोरेटर लावणं म्हणजे एक बिघाड दुसऱ्या बिघाडानं झाकणं, आणि दोन्ही पुढं सापडत नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन गार झालेलं, पेट्रोलचा कॉक बंद, आसपास विडी-सिगरेट नाही. कार्बोरेटरच्या वरचं टोपण हातानं फिरवून सोडवायचं. घट्ट असेल तर कापड लावून फिरवायचं. पक्कड लावली की त्याचे आटे जातात. टोपण उचललं की केबलसकट स्प्रिंग, स्लाइड आणि सुई अशी सगळी माळ बाहेर येते. ती सरळ वर काढायची. तिरकी ओढली तर सुई वाकते, आणि वाकलेली सुई डोळ्यांना दिसत नाही. काचेवर लोळवून बघितली तरच कळते. स्प्रिंग वर दाबून धरायची, केबलची गोळी स्लाइडच्या खाचेतून सरकवून सोडवायची. मग स्लाइडच्या आत क्लिपवर बसलेली चकती काढली की सुई हातात येते.

हे पांढऱ्या कापडावर करायचं. मेस्त्री जुन्या धोतराचा तुकडा ठेवतात. क्लिप इतकी लहान असते की बोटातून निसटली तर गॅरेजच्या काळ्या फरशीवर ती सापडणं कठीण. ती बारीक चिमट्यानं बाजूला सरकवून काढायची, वर उचलून नाही. बसवताना खाचेसमोर धरून दाबायची, बारीकसा टक असा आवाज येतो. मग नखानं ती फिरवून बघायची. सैल फिरत असेल तर क्लिप बदलायची, कारण सैल क्लिपमध्ये सुई इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला थरथरते आणि निडल जेटच्या भिंतीवर घासत राहते.

सुई हातात असताना तिच्या अंगावरची अक्षरं भिंगातून बघून घ्यावीत. मिकुनी या जपानी कंपनीच्या पद्धतीत पहिला आकडा लांबीच्या गटाचा, त्यानंतरची अक्षरं उताराच्या कोनाची. प्रत्येक अक्षरामागं कोन १५ मिनिटांनी वाढतो, म्हणून ‘डी’ म्हणजे एक अंश. दोन अक्षरं असतील तर सुईला दोन उतार आहेत, वर एक आणि खाली दुसरा. निडल जेटवरही अक्षर आणि आकडा कोरलेला असतो आणि त्यातला एकेक आकडा म्हणजे ०.००५ मिमी. ही सगळी मांडणी बर्मिंगहॅमकडून जपानमार्गे आपल्याकडं आली आहे. बर्मिंगहॅममध्ये १९२७ साली तीन कार्बोरेटर कंपन्या एक होऊन अमल ही कंपनी झाली. ब्रिटिश मोटारसायकलींवर पुढं कित्येक वर्षं तिचेच कार्बोरेटर होते. १९५५ मध्ये अमलनं मोनोब्लॉक कार्बोरेटर आणला; त्याच साली मद्रासमध्ये बुलेट बनवणाऱ्या एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली. गोल स्लाइडचा कार्बोरेटर मिकुनीनं अमलच्याच परवान्यावर शिकून घेतला आणि पुढं बुलेटवर मिकार्ब आला. त्यामुळं मोनोब्लॉकवर हात बसलेल्या जुन्या कारागिराला मिकार्ब उघडताना काही नवं शिकावं लागत नाही. सुई तीच, खाचा त्याच.

परत बसवताना स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरका कापलेला भाग एअर फिल्टरकडं यायला हवा आणि बाजूची खाच आतल्या पिनेवर बसायला हवी. सुई निडल जेटमध्ये आपोआप शिरली पाहिजे. रेटा द्यायचा नाही. टोपण लावल्यावर मूठ पूर्ण फिरवून सोडायची. स्लाइड खाली आपटल्याचा आवाज आला नाही, तर गाडी चालू करायची नाही. अडकलेल्या थ्रॉटलसकट घाटात जाण्यापेक्षा पुन्हा एकदा टोपण उघडलेलं बरं.

ही सगळी उठाठेव आता पुन्हा का करावी लागते? माझ्या गाडीची सुई कित्येक वर्षं तिसऱ्या खाचेवर सुखात होती. बदललं ते पेट्रोल. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर ई-२० आलं आणि २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉलचं हेच मिश्रण नेहमीचं पेट्रोल झालं. शुद्ध पेट्रोलचा एक ग्रॅम पुरता जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच्या एका ग्रॅमला सुमारे ९ ग्रॅम हवा पुरते. ई-२० चा आकडा येतो १३.५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन लागतं. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला सेन्सर हे ओळखतो आणि कॉम्प्युटर इंधन वाढवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६चे प्रदूषण नियम आल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकली याच वाटेनं गेल्या. कार्बोरेटरला नाक नाही. तो जुन्याच मापानं पेट्रोल देत राहतो आणि गाडी तेवढी लीन होते.

आता सुईकडं बघा. दोन बाजूंमधला कोन एक अंश असलेली सुई १ मिमी वर घेतली, म्हणजे साधारण एक खाच, तर नळीच्या तोंडाशी तिचा व्यास ०.०१७ मिमीनं कमी होतो. केसाच्या जाडीचा चौथा-पाचवा हिस्सा. पण जिथं कड्याची मोकळी जागा ०.८ चौरस मिमी आहे, तिथं एवढ्यानं जवळपास ०.०७ चौरस मिमीची भर पडते. म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास. इथेनॉलनं जेवढं कमी केलं, तेवढं एका खाचेनं भरून निघतं.

कागदावर असं सुटसुटीत वाटतं. रस्त्यावर गेलं की उंची मध्ये येते. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास. महाबळेश्वर साडेतेराशे. आणि महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला गेलं की माणूस घाटाच्या पायथ्याशी, कोकणात, समुद्राच्या पातळीजवळ. महाबळेश्वरची हवा पोलादपूरच्या हवेपेक्षा बाराएक टक्के विरळ आहे. हवा विरळ झाली की कार्बोरेटरमधून पेट्रोलही कमी खेचलं जातं, पण हवा जेवढी कमी होते त्याच्या निम्म्यानंच. परिणामी वर गेल्यावर मिश्रण सहाएक टक्क्यांनी रिच होतं. लडाखला साडेतीन हजार मीटरच्या वर जाणारे लोक निडल उतरवतात ते याचसाठी.

ई-२० घातलेल्या, सुईला हात न लावलेल्या बुलेटला हा रस्ता परीक्षेसारखा आहे. महाबळेश्वरात ती गुळगुळीत चालते, कारण इथेनॉलनं जे कमी केलं ते उंचीनं परत दिलं. पोलादपूरला तीच गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या थ्रॉटलवर, चढाच्या सुरुवातीला अडखळते. एक क्षण ओढते, एक क्षण सोडते. मूठ स्थिर धरलेली असताना वेग आपोआप कमी-जास्त होतो. चढावर जोर दिला की हेडमधून बारीक टकटक ऐकू येते. खालची गरम हवा थोडी विरळ असते, त्यामुळं फरक किंचित कमी होतो, पण जात नाही. मालक पोलादपूरच्या मेकॅनिकला दाखवतो, तोवर गाडी तापलेली असते. तो प्लग बदलून देतो. वर चढताना दुखणं आपोआप बरं होत जातं आणि मालकाला वाटतं, प्लगच खराब होता.

लीन की रिच, हे ओळखायची रस्त्यावरची सर्वांत साधी युक्ती म्हणजे चोक. अर्ध्या थ्रॉटलवर गाडी अडखळत असताना चोक किंचित लावून बघायचा. बरी चालली तर पेट्रोल कमी पडत होतं. आणखी गुदमरली तर आधीच जास्त होतं. दुसरी खूण इंजिनाच्या तापमानाची. रिच गाडी सकाळी गार असताना छान चालते आणि तापली की मंदावते, आवाज जाड आणि घुमा होतो, मागं काळसर धूर. लीन गाडी गार असताना सुरूच व्हायला कुरकुरते, तापल्यावर बरी चालल्यासारखी वाटते आणि लांब चढावर पुन्हा हात टेकते. कान इथं फार कामाला येतो. बुलेटचा ठोका अर्ध्या थ्रॉटलवर भरलेला असेल तर दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं ऐकू येतं. लीन असताना त्यात मधेच एखादा ठोका पोकळ वाजतो. हे शब्दांत सांगायला जमत नाही, पण एकदा कानाला कळलं की शेजारून जाणाऱ्या दुसऱ्याच्या गाडीतलाही तो पोकळ ठोका ऐकू येतो.

शेवटचा निकाल प्लगचा. मोकळा, सरळ रस्ता निवडायचा, मागं कुणी नाही हे बघायचं. अर्ध्या खुणेवर मूठ धरून एक-दोन किलोमीटर एकसारखी गाडी चालवायची आणि मग क्लच दाबून त्याच क्षणी किल्ली बंद. गाडी घरंगळत कडेला घ्यायची, प्लग काढायचा. आयडलवर परत येऊन प्लग बघितला तर तो आयडलची गोष्ट सांगतो, अर्ध्या थ्रॉटलची नाही. प्लगच्या चिनीमातीचा रंग बिस्किटासारखा असेल तर ठीक, काजळी असेल तर रिच, खडूसारखी पांढरी असेल तर लीन. मात्र जुन्या पुस्तकांतला आणि जुन्या मेस्त्रींच्या डोळ्यांतला हा रंग शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातला आहे. भारतात शिशाचं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. शिसं गेल्यापासून रंग फिका पडला, आणि इथेनॉलनं तो आणखी फिका केला. आज टोकाची चिनीमाती फिकट दिसली म्हणून घाबरून सुई चढवत सुटलं तर गाडी काळी होते. आत, चिनीमाती धातूला जिथं मिळते तिथं बारीक कडं दिसतं, ते बघायचं. त्यासाठी भिंग लागतं, दिवसाचा उजेड लागतो आणि उतावळेपणा बाजूला ठेवावा लागतो.

टू-स्ट्रोक गाड्यांत याला आणखी वजन आहे. मेस्त्रींकडं अजून यामाहाच्या आरएक्स-१०० येतात, १९८५ पासूनच्या. ९८ सीसीचं ते छोटं इंजिन लीन चाललं तर पिस्टन फार लवकर तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. बुलेटचं जाड बिडाचं इंजिन लीनपणा बरेच दिवस सोसतं, कुरकुरत राहतं. आरएक्स सोसत नाही. म्हणून मेस्त्री टू-स्ट्रोकला आधी निडल एक खाच चढवून सुरुवात करतात आणि मग हळूहळू उतरवतात. फोर-स्ट्रोकला ही घाई लागत नाही.

वाईत राहणाऱ्या माझ्यासारख्याचं उत्तर कुठंतरी मध्येच पडणार, हे उघड होतं. सातशे मीटर उंचीनं तीन-साडेतीन टक्के परत मिळतात. इथेनॉलनं घेतलेले आठ-नऊ. उरली साधारण अर्धी खाच. आणि सुईला अर्धी खाच नसते. यावरचा उपाय जुना आहे. क्लिपच्या खाली अर्धा मिमी जाडीचा छोटा वॉशर घालायचा, म्हणजे सुई तेवढीच वर उचलली जाते. मेस्त्रींकडं बिस्किटाच्या डब्यात जुन्या कार्बोरेटरांचं पितळी सामान आहे. त्यातून एकेक वॉशर ते मायक्रोमीटरवर धरून बघत होते. एकाची जाडी बरोबर भरली, पण भोक लहान होतं. ते त्यांनी कानसेच्या टोकानं हळूहळू वाढवलं, कडेचा बर काढला, पेट्रोलमध्ये धुतला आणि मग माझ्या हातात दिला. पितळाचा एक कण जरी सुईबरोबर खाली गेला तरी तो पायलट जेटमध्ये अडकणार.

अर्ध्या खाचेवर गाडी पसरणी घाट गेल्या कित्येक महिन्यांत चढली नव्हती तशी चढली. पाचगणीच्या टेबललँडच्या आधीच्या वळणांवर, जिथं ती मूठ अर्धी असताना डोकं खाली घालायची, तिथं ठोका एकसारखा होता. पोलादपूरच्या अंगाला अजून किंचित कोरडी वाटते, महाबळेश्वरात किंचित जड. दोन्ही टोकांना थोडं थोडं सोडून मधल्या गावाला पूर्ण जमवणं हेच कार्बोरेटरकडून मागता येतं. ज्याचं घर खाली पोलादपूरला आहे त्यानं पूर्ण खाच चढवावी. महाबळेश्वरच्या माणसानं सुईला हात लावू नये.

एक दुखणं मात्र राहिलं. पाव थ्रॉटलवर, बाजारातून ताशी तीसनं जाताना, गाडी बोजड. चोक लावला की आणखी बिघडते, म्हणजे रिच. सुई उतरवली तरी तिथं फरक पडत नाही. याचं कारण सुईच्या आकारात आहे. पाव थ्रॉटलवर नळीच्या तोंडाशी सुईचा सरळ भाग असतो. सरळ भाग वर घ्या की खाली, व्यास तोच. तिथं रिच झालं म्हणजे छिद्रच मोठं झालं. वर्षानुवर्षं सुई थरथरत घासून निडल जेटचं गोल छिद्र झिजतं, लंबगोल होतं. २.६६ मिमीचं छिद्र ०.०३ मिमीनं जरी वाढलं तरी सुईभोवतीची जागा वीस टक्क्यांनी वाढते. जुन्या बुलेटचं एव्हरेज पडल्याची तक्रार घेऊन लोक येतात, क्लच आणि ब्रेक तपासतात, आणि पेट्रोल या न दिसणाऱ्या तीन शतांश मिलिमीटरमधून जात असतं.

मेस्त्रींनी जेट काढून उजेडाकडं धरला. एका बाजूला पितळ आरशासारखं चकाकत होतं.

‘‘ह्यो गेला. नवीन आणा.’’

‘‘निडल चांगली आहे, फक्त जेट आणू?’’

‘‘जोडीनंच आणायचं, दादा. जुनी निडल नव्या जेटात घातली की वरसभरात पुन्हा हेच. आणि आणताना अंगावरचा नंबर वाचून घ्या. नंबर नसलेला स्वस्तातला आणला तर निम्मं काम परत पहिल्यापासून.’’

नव्या जोडीवर अर्धी खाच तशीच राहील याची खात्री नाही. झिजलेल्या जेटमधून येणारं जास्तीचं पेट्रोल बंद झालं की मधल्या पट्ट्याचा हिशेब थोडा सरकेल, कदाचित वॉशर काढून क्लिप सरळ चौथ्या खाचेत घालावी लागेल. टेप मुठीवर अजून आहे. सामान आलं की पुन्हा पोलादपूरपर्यंत जायचं आहे.